मुंबईच्या बेटांवर, भरतीच्या वेळापत्रकाने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मालाडची. मार्वेच्या धक्क्यावरून मनोरीला जाणारी बोट लहानपणापासून पाहते आहे आणि गेली काही वर्षं जवळपास प्रत्येक रविवारी तिच्यात बसते आहे. ओळखीतले लोक तेच ते प्रश्न विचारतात आणि मला ते पुन्हा पुन्हा सांगायला आवडतंही. तरी एकदा नीट लिहून ठेवलं तर ज्यांना विचारायला संकोच वाटतो त्यांनाही उपयोग होईल.

बेटावर सुट्टी घालवायची तर अंदमान नाही तर लक्षद्वीप. मुंबईत कुठलं आलंय बेट?

तुम्ही ज्या घरात बसून हे वाचताय ते घर बहुधा बेटावरच आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटं भराव घालून एक झाली, हे शाळेत शिकलो. पण त्यांच्या उत्तरेला साष्टी हे मोठं बेट आहे, हे सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. वांद्र्यापासून भाईंदर-ठाण्यापर्यंत सगळी साष्टी. सहासष्ट गावं म्हणून साष्टी. तिच्या उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र. विरार लोकलने भाईंदर सोडलं की रुळांचा आवाज एकदम पोकळ होतो. तो पूल म्हणजे बेटाची हद्द. वाशीला जाताना मानखुर्दनंतर तसाच आवाज येतो.

आणि मुंबई सुमारे १९ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरीच खाली. नारळ, ताड, तिवर, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. उष्ण कटिबंधातलं बेट याहून वेगळं काय असतं? आपण बेटाकडे पाठ करून लोकलच्या वेळापत्रकाने जगतो, एवढंच. समुद्राचं वेळापत्रक हाती आलं की त्याच शहरात वेगळी जागा सापडते. पुढची बहुतेक उत्तरं त्याबद्दलच आहेत.

पहिल्यांदाच जायचंय. कुठून सुरुवात करू?

मार्वेहून मनोरीला. डोळे झाकून.

मालाड स्टेशनच्या पश्चिमेला मार्वेची बस मिळते. धक्क्यावर उतरलात की समोर खाडी आणि पलीकडे मनोरी. बोटीत माणसं चढतात, मोटारसायकली चढतात, माशांच्या टोपल्या चढतात, आणि काही मिनिटांत तुम्ही पलीकडे. इतकंसंच अंतर, पण उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती आवाजाची. हॉर्न जवळजवळ बंद होतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ताडाची झाडं, मध्येच भाजीचा मळा, एखादा लाकडी व्हरांड्याचा जुना बंगला, चौकात फुलं वाहिलेला क्रूस.

मनोरी, गोराई आणि उत्तन ही सगळी गावं मिळून जुनं धारावी बेट होतं. झोपडपट्टीची धारावी वेगळी, ही वेगळी. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत या बेटावरच्या धारावीच्या किल्ल्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज झगडले. आज तिथे अवशेषच उरलेत, पण उत्तनजवळच्या चौक या भागाच्या टोकावर उभं राहून खाडीपलीकडची वसई बघितली की हा कडा कशासाठी हवा होता ते कुणी न सांगता कळतं. खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत इथून दिसलं असणार.

सायकल असेल तर बोटीत घाला. मनोरी ते उत्तन साधारण दहा किलोमीटर, मोठा चढ नाही. पहिल्या दिवशी मात्र एवढंही करू नका. मनोरीच्या किनाऱ्यावर चाला, जेवा, झाडाखाली बसा, परत या. लोक एका दिवसात गोराईचा विपश्यना पॅगोडा, दोन किनारे, किल्ला आणि दीपगृह उरकून दमलेले परत येतात आणि म्हणतात की तिथे काही विशेष नाही. विशेष काय आहे ते बसल्याशिवाय दिसत नाही.

भरती-ओहोटीची वेळ कशी काढायची? मला त्यातलं काहीच कळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगते.

आपल्याकडे चोवीस तासांत साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा उगवतो. म्हणून मागच्या रविवारी सकाळी सात वाजता मोकळी वाळू मिळाली, तर या रविवारी त्याच वेळी तिथे पाणी असू शकतं.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीचा तास, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि नऊच्या पुढे ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकरा येतं. प्रत्यक्षात मुंबईत बाराच्या आसपास पाणी भरतं, म्हणजे तासाभराचा फरक धरूनच चालायचं. घरात कालनिर्णय टांगलेलं असेल तर आजची तिथी बघा आणि आत्ता समुद्र कुठे असेल याचा अंदाज करा. पंधरा दिवस असं केलंत की सवय होते. पाण्यात पाय घालायच्या दिवशी मात्र अंदाजावर जाऊ नका. मुंबईचं रोजचं भरतीचं कोष्टक मोबाइलवर मिळतं, त्यात मिनिटांसकट वेळ आणि मीटरमध्ये उंची असते.

आता उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली उतरतं. ते उधाण. सगळ्यात मोठं पाणी त्याच दिवशी नव्हे, एक-दोन दिवसांनी येतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी धड वर येत नाही, धड खाली जात नाही. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या जवळ जातो. दीड मजल्याएवढं पाणी सहा तासांत येतं आणि जातं.

आणि ते एकसारखं चढत नाही. सहा तासांचे सहा भाग केले तर पहिल्या तासात बारा आण्यांपैकी एक आणा पाणी चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी. पाच मीटरचं उधाण असेल तर दोन तासांत अडीच मीटर. पहिल्या तासात काहीच झालं नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि पुढच्या तासात अडकतो.

माझ्या बाबतीत हे घडलं आहे. भाच्याला घेऊन मनोरीजवळच्या खडकांवर गेले होते. तो सात वर्षांचा. खडकातल्या डबक्यात एक खेकडा शिंपल्याच्या आड लपून फक्त नांगी बाहेर काढत होता, त्यात आम्ही गुंगलो. समोरचं पाणी अजून बरंच लांब होतं, मी दर दोन मिनिटांनी बघत होते. मग किनाऱ्यावरून मासळी आवरणाऱ्या एका मावशींचा खणखणीत आवाज आला, "पाठी बघ गो पोरी, पानी शिरलं!" आम्ही आणि किनारा यांच्यामध्ये एक सखल चर होता. येताना तो कोरडा होता, आता त्यात माझ्या गुडघ्याएवढं पाणी वाहत होतं. भाच्याला कडेवर घेऊन मी तो ओलांडला तेव्हा पाण्याचा ओढा पायाला जाणवत होता. आणखी वीस मिनिटांनी मला तो ओलांडता आला नसता. भरतीचं पाणी आधी सखल जागा शोधतं, आणि ती जागा पुष्कळदा तुमच्या पाठीमागे असते. तेव्हापासून माझा नियम एकच: ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी खडकावर पोहोचायचं आणि पाणी फिरलं की निघायचं. पाणी कुठवर आलंय हे बघत थांबायचं नाही.

समुद्रात पोहता येईल का?

पट्टीचे पोहणारे असाल तरी आक्सा आणि मढच्या पट्ट्यात पाण्यात उतरू नका. आक्सा किनारा दिसायला सौम्य आहे, पण तिथली वाळू आणि प्रवाह सतत बदलतात. काल जिथे गुडघ्याएवढं होतं तिथे आज खड्डा असतो, आणि ओहोटीचं पाणी माणसाला आत खेचतं. तिथे वर्षानुवर्षं माणसं बुडाली आहेत, त्यातली बरीच कॉलेजातली मुलं. जीवरक्षक शिटी वाजवतो तेव्हा तो तुमची मजा घालवत नसतो. त्याने आठवड्यापूर्वी कुणाला तरी बाहेर काढलेलं असतं.

प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा हट्ट धरू नका, त्यात दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडा आणि मग वळा. तेवढं बळ नसेल तर पाठीवर तरंगा आणि हात वर करा.

पोटरीएवढ्या पाण्यात, शांत हवेत, पाणी चढतं असताना लाटा अंगावर घ्यायला हरकत नाही. मुलांचा हात सोडायचा नाही.

चावणारं, डंख मारणारं काही असतं का?

असतं, आणि बहुतेक सगळं पावसाळ्यात. जुलै-ऑगस्टमध्ये जुहूपासून आक्सापर्यंतच्या वाळूवर निळसर फुग्यासारखे जीव येऊन पडतात, त्यांना ब्लू बॉटल म्हणतात. दिसायला फार सुंदर, मुलं हमखास उचलायला जातात. त्यांच्या लांब निळ्या दोऱ्यांत विष असतं आणि वाळूवर मेल्यासारखा पडलेला जीवही डंख मारतो. डंख झालाच तर चोळू नका. दोरे चिमट्याने किंवा एखाद्या कार्डाच्या कडेने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरा. श्वास लागला किंवा चक्कर आली तर थेट डॉक्टरकडे.

दुसरा पाकट. २०१३ च्या गणपतीत गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या विसर्जनाला कित्येक लोकांना पाकटांनी डंख केला होता. हा मासा वाळूत अंग पुरून बसतो आणि पाय पडला की शेपटीचा काटा मारतो. म्हणून गढूळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूवरून फरफटत सरकवा. चाहूल लागली की तो स्वतःच निघून जातो.

ओहोटीला खडकांवर नक्की काय बघायचं असतं? मला तर शेवाळच दिसतं.

एका डबक्याजवळ उकिडवे बसा आणि पाच मिनिटं हलू नका. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, कारण त्याच्या आत खेकडा आहे. कडेला हिरवट गोळा दिसतो तो समुद्रफूल, पाणी असलं की पाकळ्या उघडतं, उघडं पडलं की मिटून बसतं. खडकाला चिकटलेली कालवं तर पायाखालीच असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या, म्हणून चपला नको, बूट हवेत. नशीब असेल तर समुद्री गोगलगाय दिसते, त्याहून मोठं नशीब असेल तर अष्टपाद. हाजी अलीजवळच्या आणि वरळीच्या खडकांवरही जिवंत प्रवाळ आहेत, शहराच्या ऐन मध्यात.

२०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट लोकांना असं किनारा बघायला शिकवतो आहे. पहिल्यांदा जाणकारांबरोबर गेलात तर एका तासात जे दिसेल ते एकट्याला वर्षभरात दिसणार नाही. दगड उलटवू नका. उलटवलाच तर होता तसा परत ठेवा, त्याच्या खालच्या बाजूला कुणाचं तरी घर असतं. आणि काही घरी आणायचं नाही, रिकामा शंखसुद्धा नाही. तो पुढे एखाद्या खेकड्याला लागणार असतो.

खाडीत नुसता चिखल आणि झुडपं. त्यात काय आहे?

ती झुडपं म्हणजे तिवरं, म्हणजेच कांदळवन, आणि खाडीतल्या माशांची, कोळंबीची पोरं त्यांच्या मुळांत वाढतात. मनोरीच्या बोटीची वाट बघताना कडेच्या चिखलाकडे नीट बघा. बोटाएवढे मासे चिखलावर उड्या मारताना दिसतील. त्या निवट्या. मासा असून पाण्याबाहेर राहतात, पुढच्या परांवर रेलून चालतात, आणि दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पर शिडासारखा उभा करून एकमेकांना धमकावतात. मुलांना मी आधी हेच दाखवते. बोट सुटली तरी ती हलायला तयार नसतात.

महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरवला. असा वृक्ष ठरवणारं आपलं पहिलंच राज्य. चिखलात मात्र उतरू नका. पाय मांडीपर्यंत जातो आणि ओढून काढायला दुसरा माणूस लागतो.

पक्षी बघायचे असतील तर ठाण्याच्या खाडीकडे जा. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत तिथे रोहित पक्षी असतात. २०१५ मध्ये ते अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेलं. ऐरोलीहून वनखात्याच्या बोटी सुटतात, त्याही भरतीच्या वेळेनुसारच.

घारापुरी एका दिवसात होते का?

होते. गेटवेहून लाँचने तासाभराचा प्रवास, सोमवारी लेणी बंद. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि नीट बांधा. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर झालेल्या धडकेत माणसं गेली आहेत, तेव्हा "जवळच तर जायचंय" असं म्हणू नका.

लेण्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. १९८७ पासून तो जागतिक वारसा आहे, आणि सुमारे वीस फुटांच्या त्या त्रिमुख शिवासमोर उभं राहिलं की बोलायची इच्छाच होत नाही. माझी विनंती वेगळी आहे. लेणी बघून लगेच खाली उतरू नका. वरच्या टेकडीवर जुन्या तोफा आहेत तिथे जा, तिथून दिसणारी मुंबई बघा. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत. समोर रात्रभर झगमगणारं शहर दिसत असताना या गावांत चोवीस तासांची वीज आली ती २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. गावातल्या बाईकडून काकडी किंवा कैरी विकत घ्या, चार शब्द बोला. माकडांपासून मात्र पिशवी जपा.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं तो तिथे शोधू नका. तो राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

समुद्र नको, डोंगर-जंगल हवं असेल तर?

तेही साष्टीवरच आहे. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं, आणि त्यात बिबटे राहतात. शिलोंड्याची वाट वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेऊन करा, पावसानंतर ओढ्यांना पाणी असताना. कान्हेरीला जाल तेव्हा लेण्यांच्या शेजारची पाण्याची टाकी बघा. तिथल्या शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय. डोंगरावर पडणारा पाऊस कोरलेल्या पन्हळींतून लेण्यागणिक टाक्यात उतरवलेला आहे. भर पावसात तिथे उभं राहा, पन्हळी आजही चालू असतात. उद्यानही सोमवारी बंद असतं.

पावसाळ्यात बेटावर जावं का?

बघायला जा, पाण्यात जाऊ नका. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, ताडपत्र्या घातलेल्या असतात, आणि अंगणात बसून जाळी विणणारी माणसं तेव्हा बोलायला मोकळी असतात. महापालिका दर पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा जाहीर करते. त्या दिवशी जोराचा पाऊस असेल तर खाडी ओलांडायचा बेत रद्द करा, कारण बोट बंद पडली की दिवस हातचा जातो.

नारळी पौर्णिमेला मात्र कुठल्या तरी कोळीवाड्यात जाच. वर्सोवा, वरळी, मढ, जो जवळ असेल तो.

तिथे खायचं काय?

कोळी घरातलं जेवण मिळालं तर दुसरं काही मागू नका. ताजे बोंबील, कालवणात तिसऱ्या, तांदळाची भाकरी. मनोरी-गोराईकडे ईस्ट इंडियन कुटुंबं आहेत. ही माणसं मूळची इथलीच, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली, घरात त्यांची मराठी बोली बोलणारी. त्यांच्याकडचा बॉटल मसाला उन्हाळ्यात एकदा कुटला जातो आणि गडद काचेच्या बाटल्यांत दाबून भरतात, म्हणून ते नाव. बाटली घरी आणा, साध्या बटाट्याच्या रश्शात चमचाभर घाला.

एकदा एका आजींना फुगे करताना बघितलं. मैद्याचं आंबवलेलं पीठ पातेल्यात फुगून आलेलं. त्या मुठीत पीठ घेत, अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा गोळा बाहेर दाबत आणि तेलात सोडत. गोळा आधी तळाशी जाई, मग वर येऊन आपोआप कूस बदलत असे. झारा फक्त काढायला. "उलटायला लागला तर पीठ चुकलं," त्या म्हणाल्या.

एप्रिल-मेमध्ये ताडगोळे खा. झाडावरून उतरवलेले, सोललेले, तिथल्या तिथे.

मासे सुकवणाऱ्या बायकांचे फोटो काढले तर चालतील?

आधी विचारा. ते त्यांचं कामाचं अंगण आहे. उत्तन-गोराईला बांबू उभे-आडवे बांधून त्यांवर बोंबील वाळत घालतात. जवळून बघाल तर कळेल की कुठे गाठ नाही, आकडा नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. त्यांच्याच दातांच्या आधाराने ते वाऱ्यावर झुलतात. हे काम पहाटे सुरू होतं आणि आभाळ आलं की धावपळ होते. अशा वेळी कॅमेरा बाजूला ठेवून दोन टोपल्या उचलायला हात लावलात तर फोटो काढ म्हणून त्याच सांगतील. वासावरून नाक मुरडू नका. निघताना अर्धा किलो सुका म्हावरा विकत घ्या.

आई-बाबांना गुडघेदुखी आहे. त्यांना नेता येईल?

मनोरीला नक्की, फक्त ओहोटीच्या वेळी बोटीची चढ-उतार अवघड होते, म्हणून भरतीच्या आसपासची वेळ धरा. गोराईचा पॅगोडाही झेपेल. आत खांबांशिवायचा घुमट आहे आणि त्याखाली आठ हजार माणसं बसू शकतात. तिथली शांतता ज्येष्ठांना फार आवडते. घारापुरीच्या पायऱ्या शंभरावर आहेत. डोलीवाले असतात, पण आधी घरी मोकळेपणाने बोलून ठरवा.

कचरा?

नेलेला सगळा परत आणा. वर्सोव्याचा किनारा २०१५ पासून लोकांनी हाताने साफ केला आणि २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. वाळू मोकळी झाली की काय होतं ते आपण पाहिलंय.

नोकरी सांभाळून तिथेच राहायला जावं असं वाटतं. जमेल का?

जमलेले लोक आहेत, पण आधी एक महिना भाड्याने राहून बघा, आणि तो महिना जुलैचा निवडा. हिवाळ्यात सगळ्यांनाच जमतं. जुलैत कपडे वाळत नाहीत, वीज जाते, बोट अधूनमधून बंद असते, पाहुणे येत नाहीत. पाण्याचा प्रश्न गावागावाप्रमाणे वेगळा, विहीर कुणाची आणि टँकर कधी ते शेजाऱ्यांना विचारा. रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर खाडीला वळसा घालून जायचं, हे घरातल्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवं.

निवांत जगणं म्हणजे तिथल्या लोकांना काम नाही असा अर्थ नव्हे. कोळीण तुमच्या आधी चार तास उठलेली असते. तिचं काम पाण्याबरोबर चालतं, म्हणून पाणी नसतं तेव्हा ती खरोखर बसते, पाय पसरून, शेजारणीशी बोलत. मला तिथे जाऊन हे बसणं शिकायला मिळालं. आता घरीही दुपारच्या ओहोटीला मी फोन आत ठेवून गॅलरीत बसते.

शेवटची बोट चुकली तर?

घाबरू नका, हे बेट आता रस्त्याने जोडलेलं आहे. गोराईहून उत्तनमार्गे भाईंदरला बस किंवा रिक्षा मिळते. वेळ बराच जातो, आणि रात्री बसगाड्या कमी होतात, म्हणून धक्क्यावर उतरल्याबरोबर तिकीट देणाऱ्यालाच परतीची शेवटची बोट विचारून ठेवा. तरी चुकलीच तर उत्तनच्या रस्त्यावर डावीकडची खिडकी पकडा. दीपगृहाचा झोत फिरताना दिसतो, आणि अमावास्या-पौर्णिमा जवळ असेल तर संध्याकाळी पाणी इतकं खाली गेलेलं असतं की होड्या चिखलात कलंडलेल्या असतात, मध्यरात्रीच्या भरतीची वाट बघत.